ठोक्याचं डोकं

फार मागे माळावरच्या वारुळात वाळवीचं राज्य होतं. एकदा काळ्या मुंग्या चालून आल्या. म्हणाल्या, "राणी द्या, बाकीच्यांना सोडतो."

वाळवीची रीत अशी, की भिंतीला भोक पडलं की शिपायाने आपलं डोकं घालून ते बुजवायचं, आणि ठोक्याने, म्हणजे इशारा देणाऱ्या वाळवीने, आतून भिंतीवर डोकं आपटत राहायचं. त्या आवाजाचा अर्थ एकच, 'हटू नका.' आत बसून ठोकायला काय जातं म्हणा. म्हातारा ठोक्या ठोकत राहिला.

एके सकाळी राणीने विचारलं, "बाबा, दाराशी आता कोण आहे?"

"गवंडी, आईसाहेब. शिपाई संपले."

"गवंड्यांची डोकी मऊ. त्यांनी भोक बुजतं?"

"बुजत नाही. मी ठोकतोय म्हणून उभे आहेत बिचारे."

राणी म्हणाली, "हे मेले तर उद्या भिंत कोण बांधणार? हरलो म्हणून कळवा गवंड्यांना."

"हरल्याचा ठोका वाडवडिलांनी ठरवलाच नाही, आईसाहेब."

"मग ठोकू नका."

ठोका थांबला. त्या शांततेत गवंडी एकेक करून मागे सरले. मुंग्या त्यांच्या शेजारून सरळ राणीच्या दालनाकडे गेल्या. म्हाताऱ्याचं डोकं सवयीने भिंतीकडे जात होतं. त्याने ते पायांनी घट्ट धरून ठेवलं.