शिक्षा चिलमीला

सर्जा पैलवानानं जहागीरदारांचा लाडका मल्ल चीत केला. मानाचा फेटा बांधायची वेळ आली, तेवढ्यात कारभाऱ्यांनी सर्जाच्या गाठोड्यातून गांजाची चिलीम काढून दाखवली.

"ही कुस्ती गांजानं मारली!" जहागीरदार कडाडले. "याला शंभर कोरडे! याच्या नावाचा जयघोष केला त्यांनाही!"

मैदान चिडीचूप झालं. हलगीवाल्या सिदूचे हात एवढे कापत होते, की हलगी आपोआप वाजली.

"काय रे? गंजेडीसाठी वाजवतोस?"

सिदूनं हात जोडले. "सरकार, कुस्ती चिलमीनं मारली असंल, तर कोरडे चिलमीला मारा. पैलवानाला मारायचे, तर कुस्ती त्यानंच मारली. मग आधी फेटा बांधा."

आपलाच फेटा बांधलेल्या माणसावर कोरडा कसा उगारायचा? जहागीरदारांनी चिलीम टाचेखाली फोडली आणि फेटा मागवला.