चोखलेली कोय

“कोय बोलते काय? मग बोलती कर तिला! नाही बोलली, तर तुझा बाप सोनघाटच्या हद्दीबाहेर!”

महाराज वीरबाहू कडाडले आणि चोखून चोखून पांढरीफटक झालेली आंब्याची कोय त्यांनी सारजापुढे टाकली.

झालं होतं असं. अक्षय तृतीयेला पूर्वजांना नैवेद्य दाखवल्याशिवाय आंब्याला तोंड लावायचं नाही, ही सोनघाटच्या राजघराण्याची रीत. पाहुणे रुसले तरी नाही, पोरं रडली तरी नाही! आणि यंदा राजबागेतला पहिला पिकलेला हापूस कुणीतरी तीन दिवस आधीच फस्त केला. कोय सापडली कुठे, तर राजवाड्याच्या सज्ज्याखाली ठेवलेल्या म्हादू माळ्याच्या पाटीत! म्हादू म्हणजे गरीब गाय. ‘मी नाही’ यापलीकडे त्याला शब्द फुटेना. महाराजांच्या मातोश्री आऊसाहेब तर अशा भडकल्या, की खुद्द महाराज खाली मान घालून उभे!

“चोराची गाढवावरून धिंड काढीन!” महाराज घाईघाईनं म्हणाले. “धरा म्हादूला!”

तेव्हा म्हादूची लेक सारजा पुढे झाली होती. “थांबा महाराज. चोर कोण, ते ही कोयच सांगेल.”

आता ही सारजा कोण? तर शेजारच्या राजानं डीएनए तपासायची प्रयोगशाळा बांधली, म्हणून आपल्या महाराजांनीही हट्टानं एक बांधली होती. फीत कापली, पेढे वाटले आणि साफ विसरून गेले! तिथे सारजा बाटल्या धुवायची. शास्त्रज्ञबुवा दिवसभर डुलक्या काढत, आणि ही पोरगी पुस्तकांवरची धूळ झटकता झटकता पुस्तकंच वाचून काढी. यंत्रं तर तिच्या हातातली खेळणी झाली होती.

“तीन दिवस देतो,” महाराज म्हणाले. “पण कुणालाही एकसुद्धा प्रश्न विचारायचा नाही!”

“कबूल! फक्त वाड्यातल्या सगळ्यांच्या गालातून कापसाची एकेक काडी फिरवू द्या.”

“सगळ्यांच्या फिरव. पण राजाच्या गालात काडी? मुंडकं उडवीन!”

“बरं तर, तुमचा गाल सोडला!” सारजा म्हणाली.

ती कामाला लागली. हातात मोजे, तोंडाला फडकं. न जाणो, आपलीच थुंकी उडायची आणि आपणच चोर ठरायचो! प्रधान, पुजारी, पहारेकरी, झाडून सगळ्यांनी आ वासला. शेवटी आऊसाहेबांनी स्वतःच तोंड उघडलं.

“माझ्याही घे गं, होऊन जाऊ दे! पण या काडीत तुला दिसतं तरी काय?”

“आऊसाहेब, माझा बा तोरण ओवतो ना, तसा माणसाच्या अंगात कणाकणात एक लांबलचक दोरा असतो. तो डीएनए. बराचसा सगळ्यांचा सारखाच. पण काही जागी एकच नक्षी परत परत येते. फूल-पान, फूल-पान! कुणात सात वेळा, कुणात अकरा वेळा. अशा सोळा जागा मी मोजते. एखाद्या जागी कुणाचंही कुणाशी जुळेल, पण सोळाच्या सोळा जागी जुळायला एकसारखी जुळी भावंडंच लागतात. अन् प्रत्येक जागी आकडे दोन. एक आईकडून आलेला, एक बापाकडून.”

“अगं बाई! आणि कोयीवर कसा गं आला चोराचा दोरा?”

“चोखताना थुंकी लागते की! थुंकीत गालाचे बारीक बारीक कण असतात.”

“चोखा म्हणावं आता!” आऊसाहेब टाळी देऊन हसल्या.

अक्षय तृतीया उजाडली. दरबार खच्चून भरला. बाहेर गाढव तयार. म्हादूला पुढे आणून उभं केलं.

“महाराज, दोनशे चौदा माणसं तपासली,” सारजा म्हणाली. “कोयीशी कुणाचंच जुळलं नाही. माझ्या बाचंही नाही!”

“हात्तिच्या!” महाराजांची कळी खुलली. “म्हणजे कोय मुकीच! घाला म्हादूला हद्दीबाहेर!”

“थांबा, पुरतं नाही जुळलं. पण एकीचं अर्धं जुळलं! सोळाच्या सोळा जागी चोराचा एकेक आकडा आऊसाहेबांचा आहे.”

“माझा?” आऊसाहेब ताडकन उठल्या. “पोरी, शुद्धीवर आहेस ना?”

“आऊसाहेब, एकूण एक जागी अर्धं जुळायला चोर एक तर तुमचा आई-बाप हवा, नाहीतर पोटचं लेकरू. तुमचे आई-वडील तर तसबिरीत हार घालून बसलेत. राहिलं लेकरू. आपल्याला लेकरं किती, ते मी कशाला विचारू? प्रश्न विचारायला बंदी आहे!”

दोनशे चौदा माना सिंहासनाकडे वळल्या. आऊसाहेबांना एकच लेकरू, हे शेंबडं पोरही जाणत होतं!

“बाळ्या!” आऊसाहेब गरजल्या.

महाराजांनी घाम पुसला. “पण... पण माझ्या गालाला तर तू हातसुद्धा लावला नाहीस!”

“गरजच पडली नाही, महाराज! अर्धे महाराज आऊसाहेबांच्याच गालात सापडले!”

महाराजांच्या ढेरीतून जे हसू उसळलं, ते थांबेचना! मुकुट घरंगळत पायरीवर गेला. डोळ्यांतून पाणी आलं.

“खाल्ला! मीच खाल्ला! काय तो वास, आऊसाहेब! राहवेना हो! अन् तुमच्या पैंजणांचा आवाज आला, म्हणून सज्ज्यातून कोय भिरकावली. ती नेमकी म्हादूच्या पाटीत! म्हादू, चुकलो रे बाबा!” त्यांनी उठून म्हादूला मिठी मारली. म्हादूला हसावं की रडावं कळेना. मग त्यानं दोन्ही केलं.

“सारजा, आजपासून प्रयोगशाळा तुझी!” महाराजांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हाती दिला. “आणि नैवेद्य झाला, की दर साली आंब्यांची पहिली पाटी म्हादूच्या घरी!”

“झालं बक्षीस?” आऊसाहेबांनी पदर खोचला. “मग आणा ते गाढव!”

“आणा, आणा!” महाराज हसत हसत म्हणाले आणि स्वतःच वर चढून बसले. गाढवाच्या गळ्यात म्हादूनं झेंडूचं तोरण घातलं. फूल-पान, फूल-पान, अगदी मोजून सोळा वेळा!