शिंपिणीची वडी आणि विसऱ्या

डोंगरापलीकडे, जिथे पांगाऱ्याच्या झाडांना पानांआधी लालचुटुक फुलं येतात, तिथे पांगारवाडी नावाचं गाव होतं. त्या गावात शेवंती राहायची. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. होती फक्त भामाआत्या. शेवंतीच्या परकराला इतकी ठिगळं होती की मूळचा रंग कोणता, ते आत्यालाही सांगता आलं नसतं.

त्यांच्या ओसरीवर एक छोटीशी लाल चप्पल पडलेली असायची. एकच. ती शेवंतीच्या पायाला होत नव्हती. मग कुणाची होती? कुणीतरी तिच्याबरोबर सागरगोटे खेळायचं, खो खो हसायचं, एवढंच तिला पुसट आठवे. नाव आठवत नसे. चेहराही नाही. आणि मग ती घाबरून आत पळायची.

कारण गावाखालच्या दरीत विसऱ्या राहत होता.

विसऱ्याला हात नव्हते, पाय नव्हते. तो राखाडी धुक्यासारखा होता आणि त्याला एक लांब, ओलसर, गारगार जीभ होती. तिन्हीसांजेला तो दरीतून हळूहळू वर सरकायचा. लोक ज्या वस्तूबद्दल म्हणायचे, "असंच, घेतली कुठूनतरी," ती वस्तू बनवणाऱ्याचं घर तो हुंगत हुंगत शोधायचा आणि चाटून टाकायचा. घर जायचं, घरातली माणसं जायची. सकाळी तिथे नुसतं गवत. आणि कुणाला रडूही येत नसे. कोण गेलं तेच आठवत नसे ना!

भामाआत्याने नुकतीच साखरेच्या वड्यांची भट्टी सुरू केली होती. होतं नव्हतं ते सगळं तिने त्या भट्टीत घातलं होतं. वड्या गोड होत्या, शुभ्र होत्या. पण दिसायला बाजारातल्या इतर वड्यांसारख्याच, चौकोनी.

एक दिवस बाजारात शेवंतीच्या कानावर दोन बायकांचं बोलणं पडलं.

"वडी छान आहे गं! कुठली?"

"कोण जाणे. असंच, घेतली कुठूनतरी."

शेवंती धावतच घरी आली. त्या संध्याकाळी तिला घराच्या खालच्या पायरीवर एक ओला, राखाडी पट्टा दिसला. कुणीतरी पायरी चाटून पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी ती काटक्या गोळा करायला रानात गेली. पांगाऱ्याच्या फुलांमध्ये कोळ्याचं जाळं होतं आणि जाळ्यात काहीतरी लुकलुकत होतं. ती बोटाएवढी परी होती! तिचे पंख मोरपंखी, गुलाबी, सोनेरी. पण अगदी फिकुटलेले.

शेवंतीने हलक्या हाताने जाळं सोडवलं. "भूक लागलीय का गं तुला?" असं म्हणून तिने दुपारसाठी आणलेली एकुलती एक वडी परीपुढे ठेवली. सगळीच्या सगळी.

परीने वडी खाल्ली आणि तिचे पंख झळाळले. "गुणाची गं बाय माझी! माग, काय हवं?"

"आत्याला विसऱ्याने नेऊ नये," शेवंती एका दमात म्हणाली.

परीचा चेहरा उतरला. "त्याच्याशी मला लढता येत नाही, सोनुले. पण जी वस्तू पाहताच लोकांच्या ओठांवर ती बनवणाऱ्याचं नाव येतं, तिथे त्याची जीभ भाजते." तिने शिवण झाडाच्या लाकडाचा एक गुळगुळीत ठोकळा दिला. त्यातून मधासारखा उजेड पाझरत होता. "हा रानाकाठच्या तुळसाक्काला दे. ती लाकडात जीव कोरते, वडीसाठी साचा करून देईल. पण ऐक हं. ती मागेल तेवढा वेळ तिला द्यायचा. तुमचं ताट भरेल तसंच तिचंही भरायचं. आणि तिच्या कामाची चोरून नक्कल करायची नाही."

"आणि केली तर?"

 परीच्या पंखावरचा एक गुलाबी ठिपका टिचकन विझला.

मग तिने शेवंतीच्या तळहातावर दवाचा एक थेंब ठेवला. "आणि हा तुझ्या एकटीचा. विरत चाललेलं काहीतरी एकदाच परत देईल. जपून ठेव."

तुळसाक्का उंच, काटकुळी होती. तिच्या केसांत कायम लाकडाचा भुसा असायचा. ठोकळा घेऊन ती आत्याच्या घरी आली आणि खिडकीपाशी बसूनच राहिली. बाहेर एक इवलीशी शिंपीण शेपटी वर करून, पानाला पान शिवून घरटं करत होती. तुळसाक्का तिच्याकडे बघे, जेवे आणि पुन्हा बघे.

"ही काम करते की झोपा काढते?" आत्या कुरकुरली.

"दोन्ही," तुळसाक्का हसली. "झोपेत शिंपिणीचा डोळा दिसतो, भामाबाई. जागेपणी ती हलते फार."

पण साचा तयार झाला आणि आत्या बघतच राहिली. पाण्यात भिजवलेल्या त्या लाकडी साच्यात पाक ओतला, वडी गार झाली, अलगद सुटली आणि तिच्यावर शिंपीण बसलेली! चिमुकली चोच, टपोरा डोळा, ऐटीत उभी शेपटी.

"भामाबाईंची शिंपिणीची वडी द्या!" बाजारात पोरंसोरं ओरडू लागली. विसऱ्या दरीच्या तळाशी जाऊन बसला. शेवंतीला शांत झोप लागू लागली.

मग मागणी वाढली. आणखी साचे हवे होते.

"प्रत्येकाला वेळ लागेल," तुळसाक्का म्हणाली. "चांगलं लाकूडही लागेल."

आत्याने तिच्या भरल्या ताटाकडे पाहिलं. "आता साचा आहे माझ्या हातात. मग तुला बसवून कशाला खाऊ घालू?"

"आत्या, परीने सांगितलंय ना!" शेवंती कळवळली.

"परीला भट्टी चालवायची नाहीये!"

तुळसाक्काने हत्यारं गुंडाळली आणि ती निघून गेली. आत्याने एक वडी ओल्या मातीत दाबली, माती भाजली आणि नवा साचा केला. त्याच्या वडीवरून पुन्हा एक. त्याच्यावरून आणखी एक. पण माती वाळताना आक्रसते. शिंपीण प्रत्येक वेळी थोडी लहान झाली, थोडी बुजली. आधी तिचा डोळा गेला. मग चोच. बिनडोळ्यांची, बिनचोचीची ती वडी ताटात बघून शेवंतीच्या अंगावर काटा आला. लाकडी साच्यातला मधासारखा उजेडही विझला होता.

"ही कसली शिंपीण? हा तर बटाटा!" पोरं हसली. आणि एक दिवस कुणीतरी म्हणालंच, "असंच, घेतली कुठूनतरी."

त्या संध्याकाळी विसऱ्या वर आला. पायऱ्या चढला. ओसरीवर आला. आत्या भट्टीपाशी बसली होती आणि तिच्या कडा राखाडी होत चालल्या होत्या. पदर गेला. हातांची बोटं धुरासारखी झाली. तिने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"आत्या!" शेवंती किंचाळली. "अगं... तू... तुझं नाव..."

तिला नाव आठवेना.

शेवंती रानाच्या वाटेने धावत सुटली. तुळसाक्का पांगाऱ्याखाली बसली होती. तिला कुणी काम दिलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. तीही धूसर झाली होती आणि तिची बोटं लाकडासारखी ताठली होती.

"आत्याने बोलावलं?" तिने क्षीण आवाजात विचारलं.

"नाही. तिला आता बोलताच येत नाही." शेवंतीला हुंदका फुटला. "आमचं चुकलं, अक्का."

शेवंतीने परकराच्या गाठीत जपलेला थेंब काढला. हा थेंब आत्यावर शिंपडला, तर आत्या लगेच परत येईल. पण उद्या? उद्या पुन्हा कुणी "कुठूनतरी" म्हणेल, पुन्हा जीभ येईल आणि थेंब नसेल. तिने डोळे घट्ट मिटले आणि थेंब तुळसाक्काच्या बोटांवर सोडला.

बोटं गुलाबी झाली, उबदार झाली.

दोघी घरी आल्या. विसऱ्याची जीभ चुलीपर्यंत पोचली होती. तुळसाक्काने तो विझलेला लाकडी साचा उलटा केला, मागची कोरी बाजू वर घेतली आणि कोरायला बसली. सावकाश. अगदी सावकाश. एकेक छिलका गळत होता आणि आत्या विरत होती. शेवंतीच्या ओठांवर "लवकर कर गं!" आलं होतं. पण तिला परीचे शब्द आठवले. तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. विसऱ्याचा गार श्वास तिच्या घोट्यांना लागत होता. तरी तिने घाई केली नाही.

"सांग मला," तुळसाक्का मान वर न करता म्हणाली. "तुझी आत्या कशी आहे?"

"रागीट आहे," शेवंती मुसमुसत म्हणाली. "पण थंडीत आपलं पांघरूण माझ्यावर घालते. आणि म्हणते, मला काही थंडी वाजत नाही. खोटं बोलते."

तुळसाक्काने मान डोलावली.

साचा झाला. शेवंतीने पाक ओतला, वडी काढली. शिंपीण होती, पण या वेळी ती आपल्या पिलावर पानाचं पांघरूण शिवत होती. शेवंतीने वडी हातात घेतली आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं,

"भामाआत्या! ही माझ्या भामाआत्याची वडी!"

चर्र! विसऱ्याची जीभ भाजली. तो कर्कश ओरडत ओसरीवरून, पायऱ्यांवरून खाली गडगडत गेला. आत्याचे हात परत आले, पदर आला, आवाज आला. तिने सगळ्यात आधी एक ताट घेतलं, काठोकाठ भरलं आणि तुळसाक्कासमोर ठेवलं.

"बस, तुळसे. हवा तेवढा वेळ घे. लाकूड मी आणते."

"आणि दुपारची झोप?"

"तीही काढ बाई!" आत्या डोळे पुसत हसली.

मग तुळसाक्काने गावातल्या साऱ्यांसाठी, त्यांच्या मालावर उठवायला, खुणा कोरल्या. घोंगडीवाल्याला वेगळी, मधवाल्याला वेगळी. दरीच्या कडेला गवत उरलं होतं, तिथे जुनी वस्तू बघून जो बनवणारा लोकांना आठवेल त्याचं घर धुक्यातून हळूच उमटू लागलं.

एका सकाळी परी ओसरीवर आली. "तुझा थेंब तू दुसऱ्याला दिलास," ती शेवंतीच्या कानात म्हणाली. "आता माझ्याकडून एक घे." ती गिरकी घेत वर गेली, मोरपंखी, गुलाबी, सोनेरी उजेड अंगणभर सांडला आणि त्या उजेडात ती विरघळून गेली.

उजेड ओसरला, तेव्हा अंगणात एक मुलगी एका पायावर उभी होती.

"माझी दुसरी चप्पल बघितलीस का गं?" तिने विचारलं आणि ती खो खो हसली.

शेवंतीने लाल चप्पल छातीशी धरली.

"गुंजा!" ती ओरडली. "गुंजा! गुंजा!"