सरपंचांच्या भाकऱ्या

जत्रेतल्या तंबूत रोज एकच प्रेमाचा सिनेमा लागायचा. शेवटी नायक म्हणायचा, "राणी, आजपासून भाकऱ्या मी थापणार!" हे वाक्य ऐकायला गाव लोटायचं, पण नायकाच्या आधी सरपंच दौलतरावच उठून ते गरजायचे. तंबूवाल्यानं हात जोडले, तर म्हणाले, "मला गप्प करणारा अजून जन्मायचाय!"

सातव्या दिवशी ते गरजले, तशी बायकांकडची कनात सारून त्यांची बायको सगुणाबाई उभी राहिली. "अहो, सात दिवस अख्ख्या गावासमोर शब्द देताय. घरी जत्रेचे पंधरा पाहुणे बसलेत. पीठ काढून ठेवलंय, चला!"

आठव्या दिवशी नायकाचं वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. सरपंच भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत बसले होते.