चाखून ठेवलेला पिंड

बस. पण आधीच सांगते, यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव. तुझ्यापेक्षा शहाणे 'छट्' म्हणून उठून गेले, आणि दाराबाहेर उभं राहून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. शूर होता, देखणा होता, आणि संशयी इतका की आरशात बघितलं तरी विचारायचा, हा कोण टक लावून बघतोय. ताट आलं की आधी चाखणारा चाखायचा. तो मरत नाही अशी खात्री पटली की मग राजा जेवायचा. तोवर आमटीवर साय धरलेली असायची.

त्याची राणी केतकी तापानं गेली. वैद्य म्हणाले ताप, राजा म्हणाला विष. सगळं राज्य रडायला लागलं, तर राजाला त्यातही काळंबेरं दिसलं. त्यानं मांत्रिकाला बोलावलं.

"हे एवढे रडतात. यात खरं कोण आणि खोटं कोण?"

"महाराज, नुसत्या पाण्यावरून ओळखता येत नाही."

"मग सगळ्यांचंच काढून घे."

मांत्रिकानं फुंकर मारली. राज्यातले झाडून सगळे अश्रू उडत आले आणि नदीकाठच्या तांब्याच्या हंड्यात पडले. झाकण बसलं ते घट्ट बसलं. मग राजाला मांत्रिकाचाच संशय आला. म्हणाला, "आता स्वतःला बेडूक कर." झाला बापडा. आता बेडकाला उलटा मंत्र म्हणता येतो का? डरांव.

पण न रडलेलं दुःख कुठंतरी जाणारच की. ते पायात उतरलं. लोकांचे पाय जड झाले, नाच थांबले, गाणी घशात अडकली. आणि राणीची एकुलती एक लेक सोनसळ, तिचं दुःख सगळ्यांत मोठं. तिच्या पायाची बोटं दगडाची झाली, मग घोटे, मग पोटऱ्या. वैद्यानं हात टेकले. "दगड काळजाला पोचला की राजकन्या गेली."

तिकडे नदीवर दहाव्याला ठेवलेला राणीचा पिंड तसाच पडून. एक म्हातारा कावळा शेजारी बसून होता, पण शिवत नव्हता. हंडा कुणालाच उघडेना, तेव्हा राजा लेकीला पालखीत घालून तिथं आला.

"कावळ्या, त्यात विष आहे ना? म्हणून शिवत नाहीस."

"विष कुठलं," कावळा म्हणाला. "उष्टा आहे."

"काय?"

"ठेवायच्या आधी तू तो चाखायला लावलास. मेलेल्या बाईचा घास उष्टा करून मला वाढतोस. मी कावळा आहे, पण मलाही काही रीतभात आहे."

राजाची मान खाली गेली. "दुसरा ठेवतो."

"आता नुसत्या भातावर भागायचं नाही. ती तुझी कोण होती हे तरी तुला ठाऊक आहे का, मला शंकाच आहे. तिचा नाच नाचून दाखव. तिचं गाणं गाऊन दाखव. मग तिची गोष्ट सांग. त्याशिवाय हा हंडा उघडायचा नाही. आणि एवढंसं खोटं वाटलं, तर मी उडालो."

राजानं शेला खोचला. आणि काय केलं म्हणतेस? खाली बसून कोंबडा घातला. मंगळागौरीला बायका घालतात ना, तस्सा, उकिडवं उड्या मारत. मुकुट एकदा या कानावर, एकदा त्या. मधेच डावा गुडघा टेकायचा, राणीचा टेकायचा तसा.

कावळ्यानं मान वाकडी केली. "तुला कसं ठाऊक?"

"बायका एकत्र हसतात म्हणजे कट करतात, असं वाटलं मला. खिडकीतून बघत होतो."

दगड सोनसळच्या कमरेपर्यंत चढला.

राजा गायला लागला. आवाज फाटका, पण चाल चुकली नाही.

"गुंत माझ्या लेकीची सोडविते मी हळू,
इतक्याशा ओढीला, बाई, नको लागू रडू."

"वेणी घालताना म्हणायची," राजा म्हणाला. "त्यात काही निरोप दडलाय का म्हणून मी दाराआड उभा राहायचो. रोज."

दगड बरगडीला लागला. सोनसळचा श्वास आखूड झाला.

"गोष्ट," कावळा म्हणाला.

आता मात्र राजानं पालखीकडं पाठ फिरवली. खिडकीतून दिसलेलं सांगणं सोपं असतं. हे त्याच्या समोर घडलेलं होतं.

"बोल. पोरीकडं बघ आणि बोल."

"शेवटच्या दिवशी," राजा म्हणाला, "ती तापातून उठली. भिंत धरून चुलीपाशी गेली, माझ्यासाठी खीर केली. वाटी माझ्या हातात दिली. मी ती चाखणाऱ्याच्या हातात दिली. ती बघत होती. म्हणाली, 'अहो, माझ्या हातचं गरम तुम्ही कधी खाल्लंच नाही.' मी म्हटलं, जराशी थांब. ती थांबली नाही."

कावळा उडाला नाही.

राजानं तिथंच तीन दगड मांडले. आयुष्यात पहिल्यांदा भात शिजवला. खालून करपला, वरून कच्चा राहिला. त्याचा पिंड वळला, बोटं पोळली, आणि कुणालाही न चाखवता तो वाफाळता पिंड कावळ्यापुढे ठेवला. "केतके," म्हणाला, "यापुढे गरमच खाईन."

कावळ्यानं चोच मारली. "मेल्या, भाजलं की," म्हणाला, आणि सगळा खाल्ला.

हंड्याचं झाकण उडालं. अश्रू ज्याचे त्याच्याकडे गेले. गल्लोगल्ली बाया हेल काढून रडायला लागल्या, मेलेल्याच्या आठवणी गाऊन सांगायला लागल्या, आणि रडता रडता पाय हलके झाले. सोनसळचा दगड वितळला. ती पालखीतून उतरली, पोटभर रडली, मग पदरानं नाक पुसलं.

"बाबा," म्हणाली, "आईला ठाऊक होतं."

"काय?"

"दाराखालून तुमचे जोडे दिसायचे. दिसले की ती मोठ्यानं गायची."

तेव्हा कुठं राजा रडला.

बेडूक? बेडूक बेडूकच राहिला. राजा पुरता सुधारला असं मी कधी म्हटलं?

काय गं, डोळे का ओले तुझे? एका शब्दावरही विश्वास बसायचा नव्हता ना तुझा? ऊठ, चुलीवर दूध उतू चाललंय. जा आता.