भरल्या गाडीचा रस्ता

फार मागे, घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. घाटातून नवी वाट निघाली आणि कोष्टी, कुंभार, कासार असे ठिकठिकाणचे लोक तिथं येऊन राहू लागले. बघता बघता गावाने बाळसं धरलं. आड मात्र एकच. त्याच्याभोवती बायका घागरी घेऊन ताटकळायच्या आणि रोज कुणाची तरी जुंपायची.

गावचा पाटील मनाचा चांगला, पण भारी हौशी. त्याने ठरवलं, माळावर नवी पेठ वसवायची. रस्ता, बाजारओटे, धर्मशाळा आणि घाटातल्या झऱ्याचं पाणी साठवून घरोघर पोचवणारा हौद. गावची रीत अशी, की काहीही बांधण्याआधी जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढायच्या आणि सगळ्यांनी त्यांतून चालून बघायचं. पाटलाने रेघा ओढल्या. लोक ठेवणीतले कपडे घालून आले, मजेत हिंडले आणि झकास म्हणाले.

माळाच्या कडेला पाटलाच्या मालकीचं टेकाड होतं. तिथं त्याच्या नव्या घराचं जोतं बांधून झालं होतं. सगळी पेठ दिसेल असं घर व्हावं, हे त्याचं तरुणपणापासूनचं स्वप्न. म्हणून हौद त्याने खाली आखला होता.

पाटील खुशीत घरी आला. पाटलीणबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "रिकाम्या हातानं चाललं की कुठलाही रस्ता ऐसपैसच वाटतो."

पाटील रागावला, पण ते बोलणं त्याच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने दवंडी पिटवली, "घरातला सगळ्यात अवघड दिवस आठवा आणि त्या दिवशीसारखेच माळावर या."

मग काय, कडब्याने शिगोशीग भरलेल्या दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि अडकून बसल्या. मागे बाळंतपणाची डोली खोळंबली. गरोदर बाईच्या जागी डोलीत बसलेली म्हातारी म्हणाली, "आता मी इथंच बाळंत व्हायची का?" माळभर हशा पिकला. हौदाच्या जागी घागरी ओतून पाहिल्या, तर पाणी निम्म्या वाटेतच थांबलं, वरच्या आळ्यांकडे चढेना.

कोष्ट्याची बायको हळूच म्हणाली, "पाटील, आमच्या आळीची घागर काही सुटत नाही."

पाणी सगळीकडे उतरेल अशी जागा एकच होती, टेकाड. ते सगळ्यांना दिसत होतं, पण बोलणार कोण? पाटलाने आपल्या जोत्याकडे डोळे भरून पाहिलं. मग त्याने हौदाची रेघ पायाने पुसली.

"हौद वर बांधायचा. आणि रस्ता दोन भरल्या गाड्यांचा."

"अन् तुमचं घर?" पाटलाच्या भावाने विचारलं.

"जुनं अजून गळत नाही."

जोत्याचेच दगड हौदाला लागले.

वर्षं गेली. गावाचं मोठं नगर झालं. एका उन्हाळ्यात, सोसाट्याच्या वाऱ्यात, बाजारातल्या कडब्याच्या गंजीने पेट घेतला. पण रस्त्याच्या एका अंगाने भरल्या गाड्या बाहेर पडल्या, दुसऱ्या अंगाने माणसं आत धावली आणि आळीआळीत नळाला पाणी होतं. दिवस मावळायच्या आत आग विझली. एकही घर गेलं नाही.

लोकांनी हलगी वाजवत म्हाताऱ्या पाटलाला आणि पाटलीणबाईला टेकाडावर नेलं. खाली घराघरांत दिवे लागत होते. पाटील बघतच राहिला.

पाटलीणबाई म्हणाली, "घर बरंच मोठं बांधलंत हो तुम्ही."

तात्पर्य: गावाची आखणी सणाच्या दिवसासाठी नव्हे, अडचणीच्या दिवसासाठी करावी, आणि त्यासाठी पुसायची पहिली रेघ आपली असावी.