एकल्या बैलांना जोड लावणारी ठकूबाई

आपल्या पणज्या परकर नेसून हुंदडत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या निंबोड्याला तेव्हा सडक नव्हती आणि पृथ्वी केवढी आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. निंबोडेकरांचं जग म्हणजे अलीकडे म्हसोबाचा माळ आणि पलीकडे आठवडी बाजार. अशा गावात महायुद्ध आलं. कुठल्या राजानं कुठल्या राजाशी वैर धरलं होतं, देव जाणे. आमची माणसं त्याला ‘जर्मनची लढाई’ म्हणायची. भांडण सातासमुद्रापलीकडचं आणि हिसका बसला आमच्या गोठ्यांना.

आधी माणसं गेली. तालुक्याहून हुकूम आला, अमुक इतके तरणे गडी द्या. नावांची यादी करायचं काम गावच्या पाटलाकडं, म्हणजे नरसोजी पाटलाकडं आलं. त्यात पाटलाचाही एक मुलगा द्यायचा होता. पाटलाला मुलगाच एक, सर्जेराव. यादी चावडीवर वाचली गेली तेव्हा सर्जेरावाचं नाव त्यात नव्हतं. त्याच्या जागी हैबती शेंडग्याचं होतं. हैबती गरीब माणूस, बायको ठकूबाई, दोन लहान मुली आणि माळाकडेची पाच बिघे हलकी जमीन. पाटील त्याला म्हणाला, “सा म्हैन्यात परत येशील. तवर तुझ्या रानाकडं मी बघतो.” हैबती गेला, तिकडं इराकात बसऱ्याच्या बंदराला उतरला असं कळलं. पाटील काही रानाकडं बघायला गेला नाही. त्या दिवसापासून ठकूबाई पाटलाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नाही.

मग पुढच्या साली दुसरा हुकूम आला. लढाईला बैल हवेत, निंबोड्यानं बेचाळीस बैल द्यावेत. गावात घरं बेचाळीस आणि प्रत्येक घरी एकेक जोडी. आता खरं म्हणजे गोष्ट सोपी होती. एकवीस घरांनी आपापल्या जोड्या द्यायच्या आणि उरलेल्या एकवीस जोड्यांनी सगळ्या गावाचं रान नांगरायचं. पण आमचं गाव पडलं न्यायाचं! चावडीवर दोन दिवस खल झाला. एकाचा गोठा भरलेला आणि एकाचा रिकामा हे चालणार नाही, असं सगळे म्हणाले. शेवटी ठरलं, घरटी एक बैल. कुणावर अन्याय नाही, कुणाला बोलायला जागा नाही. बैल निघाले तेव्हा बायकांनी त्यांना ओवाळलं, शिंगांना हळद लावली आणि गाव समाधानानं घरी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं गोठ्यात गेली आणि कपाळावर हात मारून बसली. बेचाळीस घरं, बेचाळीस गोठे आणि प्रत्येक गोठ्यात एकच बैल. एका बैलानं नांगर कसा चालायचा? एवढ्या मोठ्या न्यायातून अख्ख्या गावात एकसुद्धा औत उभं राहीना.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, शेजाऱ्याचा बैल मागायचा. मागून पाहा एकदा! माने भाऊ भाऊ, पण बांधावरून वीस वर्षं बोलत नव्हते. महारवाड्यातल्या बैलाशेजारी आपला बैल जुंपायला कुणी राजी नव्हतं. शिवाय खरी अडचण बैलांचीच होती. जोडीतला एक बैल उजवीकडून चालणारा असतो, एक डावीकडून, आणि जन्मभर त्यांची बाजू बदलत नाही. त्यात उजवा जास्त ताकदीचा. देताना प्रत्येकानं शहाणपणा केला होता, डावा दिला आणि उजवा ठेवला. ते बेचाळीसच्या बेचाळीस शहाणे आता एकमेकांची तोंडं बघत होते.

भादवा लागला. आमच्याकडं भादव्यात रान नांगरून ठेवायचं आणि हत्तीचा, म्हणजे हस्त नक्षत्राचा, पाऊस झाला की शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, पेरायची. तो एकच पाऊस आमचा, तो चुकला की वर्ष गेलं. ठकूबाईच्या कणगीत तळाची चार पायल्या बाजरी होती. तिनं ती दोनदा चाचपून पाहिली, मुलींना शेजारणीकडं बसवलं आणि आपला बैल हरण्या सोडून रस्त्यावर आली.

असं म्हणतात, की त्या दिवसापासून ठकूबाई आठ दिवस बैलांच्या मागं मागं चालली. डोळे मिटून ती पावलं ऐकायची. कोण लांब टाकतो, कोण घाईचा, कोण चढावर दम धरतो, सगळं तिला ऐकून कळायचं. बैलाच्या वशिंडावर हात ठेवला की त्याचा गेलेला जोडीदार या घटकेला कुठं आहे हेही तिला कळायचं, असं म्हणतात. हुसेन मुलाण्याच्या बैलावर हात ठेवून ती म्हणाली होती, “ह्याचा सोबती उंटांच्या मुलखात हाय. त्याला पाणी मिळंना.” मुलाण्याच्या म्हातारीनं ते ऐकून भरली घागर अंगणात ओतली.

मग तिनं जोड्या लावायला घेतल्या. या बैलाला या घरचाच बैल चालंल, असं ती सांगे आणि तिचं बोलणं खोटं पडत नसे. पण एकाला डावीकडून चालायला शिकवायला हवं होतं ना? त्यावर तिनं जे केलं ते आजतागायत कुठल्या बाईनं केलं नसेल. तिनं जुवाची उजवी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बैलाला डावीकडं जुंपून ती त्याच्याबरोबर माळावर फिरली. सकाळी एक बैल, दुपारी एक बैल. एकवीसपैकी वीस बैलांना तिनं असं डाव्या बाजूला वळण लावलं. खांद्याला घट्टा पडला तो मरेपर्यंत गेला नाही. ओढणारे बैल निवांत झाल्यावर तिच्या पदराला तोंड पुसायचे, असं म्हणतात. मी यातलं निम्मं खरं धरतो. ते निम्मंही काय थोडं आहे?

जोड्या लागल्या त्या अशा, की गावानं बोटं तोंडात घातली. दोन माने भावांचे बैल एकमेकांना लागले. आमच्या घरचा बैल हुसेन मुलाण्याच्या बैलाला लागला. रघू जगदाळ्याचा बैल कुणालाच लागेना, लागला तो महारवाड्यातल्या सोननाकाच्या बैलाला. जगदाळ्याची म्हातारी आई कडाडली, “मी मेल्यावर जुंपा!” ठकूबाई म्हणाली, “आत्याबाई, तुमी मरस्तवर हत्तीचा पाऊस थांबतोय व्हय?” म्हातारी दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनंच दावं सोडून दिलं. नांगर धरायला गडी नव्हते. बाईनं नांगराला हात लावला तर पाऊस रुसतो म्हणत. बायकांनी पदर खोचला आणि रुमणी, म्हणजे नांगराच्या मुठी, धरली. जोडी दोन घरांची म्हणून रानंही दोन्ही घरांची नांगरायची, असा नेम आपोआप पडला.

वीस जोड्या चालू लागल्या. उरले दोनच बैल. एक ठकूबाईचा हरण्या आणि दुसरा नरसोजी पाटलाचा सरदार. अवघ्या गावाला ठाऊक होतं, की हरण्याला सरदारच लागतो. पावलं सारखी, उंची सारखी, दम सारखा. पण पाटलाच्या दारात ठकूबाई जाईना आणि ठकूबाईच्या दारात पाटील कसा येईल? बायका तिला टोचून बोलायला लागल्या. “आमाला वैर सोडायला लावलंस, आन् आता तुझी पाळी आली तर?” ठकूबाई म्हणायची, “तुमचं बांधाचं वैर. माझा नवरा तिकडं हाय.” पाच बिघे रान पडून होतं. पाटलाचं चाळीस बिघे रानही पडून होतं. आभाळ भरून यायला लागलं होतं. ठकूबाईनं एकटीनं हरण्याला डावीकडं जुंपून उजवीकडं स्वतः खांदा लावून पाहिला, नांगराची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, काढली आणि ती बांधावर बसली. हातांतलं बळ संपलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः आला. डोक्याला पटका नाही, पायांत जोडा नाही, हातात सरदारचा कासरा. कासरा म्हणजे बैलाला धरायची लांब दोरी. पाटलासारख्या माणसानं तो कधी हातात धरला नव्हता, त्याला गडी असत. तो ठकूबाईच्या दाराशी उभा राहिला. बोलेना. नुसता कासरा पुढं केला.

ठकूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. सरकारी टपाल पाटलाच्याच हाती येई, हे तिला माहीत होतं.

“कागद आलाय न्हवं?” तिनं विचारलं.

पाटलानं मान हलवली.

“कवा?”

“काल सांजंला. टिग्रीस म्हून नदी हाय तिकडं...” पाटील म्हणाला. “ठकू, नाव माझ्या सर्जाचं हुतं.”

“मला म्हाईत हाय,” ठकूबाई म्हणाली. तिनं वळून घरात पाहिलं. मुली आत खेळत होत्या. मग तिनं पाटलाच्या हातातून कासरा घेतला. “चला. आधी हैबतीचं रान. रडायला समदा उन्हाळा पडलाय.”

असं म्हणतात, की हरण्या आणि सरदार त्या दिवशी न हाकता चालले. ठकूबाईनं रुमणं धरलं आणि नरसोजी पाटील बैलांच्या पुढं अनवाणी चालला. पाच बिघे रान दिवस मावळायच्या आत झालं, हे काही माणसाचं काम नव्हे. तासं इतकी सरळ, की टोकाला उभं राहिलं तर दोरी ताणल्यासारखी दिसे. दुसऱ्या दिवसापासून ठकूबाईनं पाटलाचं रान धरलं. लोक म्हणाले, हे कशाला? ती म्हणाली, “जोड म्हंजी जोड.” पाटलाचं शेवटचं तास निघालं त्या दुपारी हत्तीचा पाऊस आला आणि त्या वर्षी निंबोड्याला असा शाळू पिकला, की कणसं वाकून जमिनीला लागली.

तिनं पाटलाला माफ केलं का? गावात अजून यावर वाद होतो. माझे चुलते म्हणायचे, केलं. माझी आत्या म्हणायची, मुळीच नाही. माफ केलं नाही, फक्त जोडीनं चालली. मला आत्याचं पटतं. तिनं पुढंही पाटलाच्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि सरदारला मात्र रोज एक भाकरी दिली.

लढाई संपली, पण लढाईनं जे सुरू केलं ते काही संपलं नाही. माणसं परतली त्यांच्या मागोमाग मानमोडीची साथ आली. ताप चढायचा आणि तिसऱ्या दिवशी माणूस जायचं. आसपासची गावं ओस पडली, घरात पाणी द्यायला कुणी उरलं नाही. निंबोड्यात जोडघरानं, म्हणजे ज्याचा बैल जोडीला लागला त्या घरानं, जोडघराची चूल पेटवली, म्हणून आपण आहोत. बायकांच्या हातात आलेला नांगर परत आलेल्या गड्यांना पुन्हा हिसकावता आला नाही. जगदाळ्याचा आणि सोननाकाचा बैल एकाच डोणीत पाणी प्यायचे. बैलांना चालतं ते माणसांना का चालत नाही, हा सवाल सोननाकाचा मुलगा बसऱ्याहून हवालदार होऊन आल्यावर चावडीवर उभं राहून विचारत असे. पाणवठा एक व्हायला पुढं बारा वर्षं लागली. मारामाऱ्या झाल्या, पण झाला. गावातल्या माणसांनी या नात्याला नाव दिलं, बैलसोयरे. दुसरं महायुद्ध आलं, सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत धान्य गेलं, रॉकेल मिळेना, कापड मिळेना. तेव्हा बैलसोयऱ्यांनी एकाच दिव्यावर दोन घरांची जेवणं उरकली.

चावडीच्या भिंतीत सरकारनं संगमरवरी पाटी बसवली आहे. या गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती मेली, ते तिच्यावर कोरलं आहे. बैलांचं काही नाही. ठकूबाईचंही नाही. ती म्हातारी होऊन, नातवंडं बघून गेली. ती गेली तेव्हा गावातले सगळे बैल दावी तोडून नदीच्या वाळवंटात येऊन दोन दोन करून उभे राहिले, असं म्हणतात.

आता आमच्याकडं बैल सात-आठ उरलेत. ट्रॅक्टर आले. तरी पाटलाच्या घरचा ट्रॅक्टर पहिलं तास ठकूबाईच्या पाच बिघ्यांत काढतो, मग स्वतःच्या रानात जातो. लग्नाची पहिली अक्षत जोडघराला जाते. आणि कुणाच्या घरी मरणाची बातमी आली, तर ती सांगायचा मान जोडघराचा. जोडघरचा माणूस अनवाणी येतो, हातात कासरा असतो. तो बोलत नाही, दोरी पुढं करतो. ज्यानं ती धरली त्याला कळतं. त्या दिवशीचं जे काम असेल ते दोन्ही घरं मिळून उरकतात आणि मग मिळून रडायला बसतात. निंबोड्यात एकट्यानं रडायची चाल नाही.

गेल्या साली माझा थोरला भाऊ पुण्यात वारला. मी रानात होतो, फोन घरी. सोयाबीन काढायला आलं होतं. बांधावरून आमच्या जोडघरचा, हुसेन मुलाण्याचा पणतू येताना दिसला. तो मोबाईलचं दुकान चालवतो, त्याच्या घरी बैल त्याच्या बापानंही पाहिला नाही. बिचाऱ्यानं वाटेत दुकानातून निळ्या नायलॉनची दोरी विकत घेतली होती, तिला अजून कागद चिकटलेला होता. पायांत चपला नव्हत्या. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं दोरी पुढं केली. मी ती धरली. मग आम्ही दोघांनी उरलेलं सोयाबीन काढलं.